विचारायचं कुणाला, आणि किती वाजता

ग्रामसभेची वेळ नोटिशीत सकाळी 11 ची लिहिली होती. पावणेबाराला मारुतीच्या देवळापुढच्या सतरंजीवर आम्ही चौदाजण होतो. त्यातले तीन शाळेचे गुरुजी, एक अंगणवाडीताई, एक आशाताई, एक कृषी सहायक आणि एक मी. ज्यांना यावंच लागतं असे सातजण वगळले, तर गाव म्हणून उरले सात. भाऊसाहेबांनी (ग्रामसेवकाला आमच्या भागात भाऊसाहेबच म्हणतात) घड्याळाकडे पाहिलं, हजेरीचं रजिस्टर शिपायाच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले, “जरा आळीतून फिरवून आण.” कायद्यानं ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. दीड वाजता रजिस्टर परत आलं तेव्हा सभेला 112 जण हजर होते. सतरंजी तेवढीच रिकामी होती.

हे 2016 सालच्या मार्चमधलं. चौदाव्या वित्त आयोगानं 2015 ते 2020 या पाच वर्षांचा पैसा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला न देता थेट ग्रामपंचायतींच्या खात्यात टाकायचं ठरवलं होतं. पैसा हवा तर गावानं आपला आराखडा आपणच करायचा, अशी अट. राज्यात त्या मोहिमेचं नाव होतं ‘आमचं गाव, आमचा विकास’. तसा हा अधिकार नवा नव्हता. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली, तेव्हापासून ‘आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय’ यांसाठी पंचायतीनं योजना कराव्यात असं घटनेच्या 243 जी (243-G) कलमात लिहिलेलं आहे. पण नुसता अधिकार वीस-बावीस वर्षं कपाटात राहिला तरी कुणाचं काही अडत नाही. पैसा येणार म्हटल्यावर मात्र घाई झाली, आणि त्या घाईत गावाला ‘आराखडा कसा करायचा’ हे समजावून सांगायला माझ्यासारखे प्रशिक्षक गावोगाव सुटले. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. डोंगराच्या उताराचं, कमी पावसाचं, दोन हजारांच्या आतबाहेर वस्तीचं ते एक गाव, एवढं पुरे.

त्या दिवशी मी सतरंजीवर उभी राहून शिकवल्याप्रमाणे विचारलं, “पुढच्या पाच वर्षांत गावाला काय हवंय?” उत्तरं पाठ असल्यासारखी आली. सभामंडप. स्मशानभूमीचा रस्ता. अंतर्गत गटारं. पेव्हर ब्लॉक. पाण्याची टाकी. हायमास्ट दिवा. एकजण व्यायामशाळा म्हणाला, तेव्हा पलीकडचा हसला आणि म्हणाला, “ती आमदार फंडातून येती.” भाऊसाहेबांनी भराभर लिहून घेतलं. वीस मिनिटांत पाच वर्षांचा आराखडा तयार! मला खरं तर बरं वाटायला हवं होतं.

परतताना एसटीत बसल्यावर लक्षात आलं की ही यादी मी अशीच्या अशी दुसऱ्या दोन गावांतही ऐकली होती. तिन्ही गावांच्या गरजा एकच कशा? देणाऱ्याच्या मुठीत काय आहे ते बघूनच मागणारा मागतो. चाळीस-पन्नास वर्षांत लोक सरकारचा हात वाचायला शिकलेत. सिमेंट मिळतं, खडी मिळते, दिवा मिळतो, म्हणून सिमेंट, खडी आणि दिवा मागायचा. मी विचारलं होतं ‘काय हवंय’, त्यांनी ऐकलं होतं ‘काय देताय’. त्यांचं काही चुकलं नव्हतं. प्रश्न माझा वाईट होता, आणि तो विचारायची वेळही वाईट होती, पण ते दुसरं कळायला मला आणखी तीन दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारायचाच नाही असं ठरवलं. शाळेच्या पटांगणात पाणी मारून जमीन बसवून घेतली, रांगोळीच्या रंगांच्या पुड्या ठेवल्या आणि म्हटलं, “गाव काढा.” लोकसहभागी नियोजनाच्या प्रशिक्षणात याला ‘सामाजिक नकाशा’ म्हणतात. कागदावर नकाशा काढला की पेन ज्याच्या हातात, नकाशा त्याचा. जमिनीवर काढला की कुणीही वाकून बोटानं पुसू शकतो. पुरुषांनी आधी डांबरी रस्ता काढला, अगदी फूटपट्टी धरल्यासारखा. मग देऊळ, ग्रामपंचायत, सोसायटी, दूध डेअरी. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी घरं. झालं गाव.

कडेला बसलेल्या बायकांना मी म्हटलं, तुम्ही वेगळं काढा. त्या आधी लाजल्या, मग एक म्हातारी उठली आणि तिनं पहिली रेघ मारली ती ओढ्याची. मग हातपंप, दोन चालू, एक बंद. मग विहिरी, आणि कुठल्या विहिरीवर मार्चनंतर जाता येतं, कुठल्या विहिरीचा मालक भरू देतो, कुठला देत नाही, हे रंग बदलून. सरपण कुठून आणायचं. आडोशाला कुठं जायचं, आणि कुठल्या वळणावर संध्याकाळी पोरं बसतात म्हणून जायचं नाही. डांबरी रस्ता त्यांच्या नकाशात सगळ्यात शेवटी आला, तोही कुणीतरी आठवण करून दिली म्हणून. ओढ्यापलीकडे त्यांनी बावीस घरं काढली. पुरुषांच्या नकाशात ती नव्हतीच. “अरे हां, ती वस्ती राहिली,” असं म्हणत एकानं पुरुषांच्या नकाशात हिरवा ठिपका टेकवला. बावीस घरांचा एक ठिपका.

तिथून पुढे शिवारफेरी. खरी गंमत फेरीत येते, कारण चालताना माणसं पुढाऱ्यासारखी बोलत नाहीत. बांधाबांधानं जाताना एक मेंढपाळ सहज म्हणाला की टाकी बांधताय खरी, पण टाकीची विहीर जिथं धरलीय तिथं त्याच्या बापाच्या वेळेपासून कधी पाणी टिकलेलं नाही. खालच्या अंगाला कातळ आहे, पाणी सरकून ओढ्याला जातं. हा माणूस आदल्या दिवशी सभेत नव्हता, रजिस्टरवर मात्र त्याचा अंगठा होता. ओढ्यापाशी आलो तर तीन मुली दप्तरं डोक्यावर धरून दगडांवरून उड्या मारत येत होत्या. आठवीतल्या. मोठ्या गावातलं हायस्कूल 5 वाजता सुटतं आणि शेवटची एसटी पावणेपाचला निघते. म्हणून शेवटचा तास बुडवायचा, किंवा 7 किलोमीटर चालायचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की दोन-दोन दिवस घरी. तिच्या बरोबरीच्या दोघींची शाळा सुटली, असं एक मुलगी सांगत होती. मी विचारलं, हे कुणी ग्रामसभेत का नाही सांगितलं? भाऊसाहेब मोकळेपणानं म्हणाले, “मॅडम, एसटीचं टायमिंग ग्रामपंचायतीचं काम नाही.”

इथे एक फजिती सांगायला हवी. कामांचा अग्रक्रम ठरवायचा म्हणून मी चिंचोके वाटले. प्रत्येकाला पाच. जमिनीवर दहा कामांची दहा वर्तुळं, प्रत्येकापुढे चित्र, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही अडचण नको. फार लोकशाही पद्धत आहे अशी माझी समजूत. पहिला मान गावातल्या एका वजनदार काकांना दिला, त्यांनी पाचही चिंचोके सभामंडपात टाकले आणि तिथेच खुर्ची टाकून बसले. पुढच्या अर्ध्या तासात सभामंडपाच्या वर्तुळात चिंचोक्यांचा ढीग झाला. चिंचोके टाकताना माणसं वर्तुळाकडे बघतच नव्हती, काकांकडे बघत होती. मग तोच खेळ मी बायकांबरोबर, शेतमजुरांबरोबर, ओढ्यापलीकडच्या वस्तीत असा वेगवेगळा खेळले तेव्हा सभामंडपात मोजून नऊ चिंचोके पडले. सगळ्यांना एकत्र बसवलं म्हणजे सगळे बोलले, असं अजूनही अनेक अहवालांत लिहिलेलं असतं. मीही लिहिलेलं आहे.

पाण्याचा विषय मात्र सगळ्यांना एकत्र बसवूनच काढला, कारण तो आकड्यांचा आहे आणि आकड्यांना वजनदार काका चालत नाहीत. वर्षही तसंच होतं, पुढच्याच महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. शाळेच्या फळ्यावर हिशेब मांडला. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी पडलं. शिवार धरा 1,000 हेक्टर, पाऊस धरा 400 मिलिमीटर. म्हणजे वर्षाला 400 कोटी लिटर. शून्यं लिहिता लिहिता गुरुजींचा खडू तुटला. आता पिण्या-वापरायला माणशी रोज 55 लिटर, माणसं 2,000, दिवस 365. चार कोटी लिटर! पडलेल्या पाण्याचा एक टक्का. अर्थात 400 कोटींतलं बरंचसं वाहून जातं, उडून जातं, पिकं पितात, सगळंच हाती लागत नाही. तरी मागच्या बाकावर शांतता पसरली. मग कृषी सहायकानं हळूच पुढचा आकडा सांगितला. एक हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. दोन हेक्टर ऊस म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी. गावात ऊस किती होता ते सगळ्यांना माहीत होतं, कुणाचा होता तेही. कुणी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि न पाहण्यातच सगळं आलं.

म्हणजे टाकी बांधली तरी टाकीत पडणार काय, हा खरा प्रश्न होता. पण ‘किती उपसायचं आणि कुणी’ हे काम आराखड्याच्या कुठल्या रकान्यात बसतं? त्याला अंदाजपत्रक नाही, निविदा नाही, नारळ फोडायला जागा नाही. ज्यात ठेकेदार नाही ते आराखड्यात दिसत नाही, हे माझं त्या वेळचं मत, आणि ते बदलावं असं फार काही मी नंतर पाहिलेलं नाही.

अपवाद आहेत, आणि ते आपल्याच राज्यातले आहेत. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरेबाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची अशी शिस्त बसली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हे गावानंच ठरवलं. त्याच्याही आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे या पुण्याच्या इंजिनिअर-उद्योजकानं पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची सोळा-एक हेक्टर जमीन भाडेपट्ट्यानं घेऊन प्रयोग सुरू केला, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम मला आजही चकित करतो. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं द्यायचं; माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस नाही. आणि योजनेच्या खर्चातला 20 टक्के वाटा लाभधारकांचा. 243 जी मध्ये ‘सामाजिक न्याय’ हे शब्द येण्याच्या कितीतरी आधी एका दुष्काळी माळावर ते पाण्याच्या वाट्यात बसवले गेले होते. आमच्या आराखड्यात सामाजिक न्याय म्हणजे मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला-बालकल्याणासाठी 10 टक्के, दिव्यांगांसाठी तेव्हा 3 टक्के. 10 टक्क्यांच्या शिलाई मशीन येतात.

या विषयावर बोलताना कुणीतरी मेंढा (लेखा) चं नाव काढतंच. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं हे लहानसं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर या गावानं अभ्यासगटाची वाट धरली. निर्णयाआधी विषय समजून घ्यायचा, आणि निर्णय बहुमतानं घ्यायचा नाही, सर्वसहमतीनं घ्यायचा. एकाचा नकार असेल तर थांबायचं. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये जवळपास 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. ऐकताना ऊर भरून येतो. पण आमच्या गावात परत येऊन मी ‘सर्वसहमती’ हा शब्द काढला तेव्हा काका म्हणाले, “आमच्यात सर्वसहमतीच असती की, कोण नाय म्हणतंय?” मला चिंचोके आठवले. जिथं नाही म्हणण्याची किंमत रोजगारात, उसन्या पाण्यात, सोसायटीच्या कर्जात मोजावी लागते, तिथली सहमती वेगळी. मेंढ्याचं घ्यायचं तर मला त्यातलं ‘थांबायचं’ घ्यावंसं वाटतं. आमच्या आराखड्याला थांबायला वेळच नव्हता, 31 तारीख होती.

तर ती वेळेची गोष्ट. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा कायदा आहे. ती आम्ही चौथ्या दिवशी दुपारी 2 ला ठेवली होती. अंगणवाडीताईनं घरोघर निरोप दिला होता. आल्या सहा. ज्यांच्या विहिरीला थोडंफार पाणी होतं त्यांचा कांदा निघत होता, आणि गावातल्या निम्म्या बाया रोजानं कांदा काढायला गेल्या होत्या. माझी सभा आणि त्यांची मजुरी एकाच वेळी होती. सभेला या म्हणणं म्हणजे आजचा रोज बुडवा म्हणणं होतं, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणाऱ्या कांद्यात होत्या.

सरपंच बाई होत्या. आत्तापर्यंत त्यांचा उल्लेख केला नाही, कारण तीन दिवसांत त्यांचा आवाजच ऐकला नव्हता; फोन त्यांचे मालक उचलायचे आणि खुर्चीवरही शेजारी तेच बसायचे. महिला सभा फसल्यावर मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चरफडत बसले होते. त्या चहा घेऊन आल्या आणि पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलल्या. “ताई, नऊ वाजता घ्या. रात्री. भांडी झाल्यावर. आणि देवळात नको, पलीकडं वस्तीवर घ्या. देवळात सासरे बसत्यात.”

तशी घेतली. ओढ्यापलीकडे समाजमंदिराच्या ओट्यावर, एका बल्बखाली आणि मोबाईलच्या उजेडात. अलीकडच्या बाया ओढा ओलांडून वस्तीवर आल्या. त्यातल्या काही पहिल्यांदाच येत होत्या, म्हणजे नवऱ्याच्या गावात पंचवीस वर्षं काढून. आकडा मोजला नाही. रजिस्टर आणायचंच विसरले. अकरा वाजले तरी कुणी उठेना. मी ‘काय हवंय’ विचारलं नाही. विचारलं, “काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते सांगा.” एकीनं सुरू केलं आणि बाकीच्या मध्ये मध्ये दुरुस्त करत गेल्या. त्या दिवसाच्या गोष्टीत सगळं आलं. ओढ्यावर साकव नाही. शौचालय आहे पण त्याला पाणी ओतायचं ते पुन्हा डोक्यावरूनच. रेशन दुकान मजुरीच्या वेळेतच उघडं, म्हणून धान्य आणायला एक रोज बुडतो. मुलींची एसटी. वळणावरची पोरं आणि ती कुठून पिऊन येतात ते घर. सभामंडपाचं नाव कुणी काढलं नाही. मी मुद्दाम विचारलं तर एक म्हणाली, “असू दे की, लग्नाला होतोय.” ते उत्तर मी अहवालात घातलं, कारण ते खरं होतं, सभामंडपही कुणाच्या तरी दिवसात बसतोच.

आराखडा लिहायला बसलो तेव्हा भाऊसाहेब आणि माझी जुंपली. छापील तक्त्यात कामाचं नाव, ठिकाण, अंदाजित खर्च, निधीचा स्रोत. एसटीची वेळ कुठं लिहायची? रेशन दुकानाची? शेवटी त्यांनाच आठवलं की मार्गदर्शक पुस्तिकेत विनाखर्चाचे आणि कमी खर्चाचे उपक्रम असा एक भाग आहे, तो सहसा कुणी भरत नाही. तो आम्ही भरला. आगारप्रमुखांना ग्रामसभेच्या ठरावासह पत्र: शेवटची गाडी 5 वाजून 20 मिनिटांनी सोडावी. खर्च शून्य. रेशन दुकान आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी. खर्च शून्य. साकव पहिल्या वर्षात घेतला, टाकीची जागा मेंढपाळानं दाखवली तिथं सरकवण्याबद्दल भूजलवाल्यांना विचारायचं ठरलं. सभामंडप तिसऱ्या वर्षात ढकलला, आणि त्यासाठी काकांकडे तीनदा चहा प्यावा लागला. ऊस कुठंच लिहिला नाही. ती माझी हार आहे आणि ती मी इथे लिहून ठेवते.

नंतरची हकीकत थोडक्यात. एसटीची वेळ बदलायला आठ महिने आणि चार पत्रं लागली. बदलली. साकव झाला, पण दुसऱ्या वर्षी. टाकी जुन्या जागीच झाली. अंदाजपत्रक आधीच मंजूर होतं म्हणे. सभामंडप मात्र तिसऱ्या वर्षाची वाट न पाहता दुसऱ्याच कुठल्यातरी फंडातून आला. दोन वर्षांनी मी गेले तेव्हा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पेंटरकडून गावाचा सुबक नकाशा रंगवून घेतला होता. रस्ता काळाभोर, देवळावर भगवा. ओढ्यापलीकडे बावीस घरं होती का? होती, पण मोजली तर सतरा. पेंटरला जागा पुरली नाही.

परवा खूप दिवसांनी त्या भाऊसाहेबांचा फोन आला. त्यांची मध्ये बदली झाली होती, मग दुसऱ्या तालुक्यात पुन्हा अशाच एका गावात आले. आता त्यांच्या पदाचं नावही बदललं आहे, ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “मॅडम, काल पंचायत समितीतनं फोन होता. महिला सभेच्या नोटिशीत वेळ चुकून रात्री 9 ची पडलीय का, असं विचारत होते.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, नाही, बरोबर आहे. ठिकाणही वाचा म्हटलं.”